फाइलीत चालतं, प्रॉम्प्टवर अडतं: पायथनची तीन टिंबं आणि एक रिकामी ओळ

प्रश्न थोडक्यात: मी खानापूर तालुक्यातली, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम. घरून डेअरीला दूध घालतो, त्याच्या हिशेबाचा छोटा प्रोग्राम केलाय. फाइलीत सेव्ह करून चालवला की चालतो. तोच काळ्या खिडकीत टाकला की कधी 'इनव्हॅलिड सिंटॅक्स', कधी 'अनएक्स्पेक्टेड इंडेंट', कधी नुसती तीन टिंबं येत राहतात. पायथन काढून परत टाकला, तरी तेच. लॅपटॉप जुना घेतलेला आहे, त्यात दोष असेल का? की माझं इंग्रजी कच्चं म्हणून होतंय?

उत्तर:

लॅपटॉप ठीक आहे, आणि इंग्रजीचा इथे काही संबंध नाही. इंग्रजीचं आधी सांगतो, कारण मराठी माध्यमातून आलेली मुलं एरर दिसली की ती स्वतःच्या अंगावर घेतात. बेळगावच्या टिळकवाडीत संध्याकाळचे वर्ग घेताना हे मी वर्षानुवर्षं बघतोय. कॉन्व्हेंटमधून आलेल्या मुलालाही नेमकी हीच एरर नेमक्या याच ओळीवर येते. तो फक्त घाबरत नाही.

एक सोय आधी ठरवू. फॉर, इन, इफ, डेफ, प्रिंट असे पायथनचे शब्द मी इथे देवनागरीत लिहितो, टंकताना ते इंग्रजी अक्षरांतच टंकायचे. कोडमधले आकडे मात्र मुद्दाम इंग्रजी ठेवलेत. त्याचं कारण पुढे येईल.

तू पाठवलेला तुकडा प्रॉम्प्टवर, म्हणजे तुझ्या काळ्या खिडकीत, असा दिसतो (42 हा लिटरचा दर):

```
>>> लिटर = [6, 7.5, 5]
>>> एकूण = 0
>>> फॉर ली इन लिटर:
...     एकूण = एकूण + ली
... प्रिंट(एकूण * 42)
```

आणि प्रिंटच्या ओळीवर एरर. फाइलीत हाच मजकूर जसाच्या तसा चालतो. आता डाव्या कडेला बघ. प्रिंटच्या आधी तीन टिंबं आहेत, तीन बाण नाहीत. सगळी गोम तिथे आहे. तीन बाण म्हणजे "नवीन वाक्य सांग". तीन टिंबं म्हणजे "आधीचं वाक्य अजून संपलेलं नाही, पुढे बोल". तू लूपचं, म्हणजे फॉरचं, वाक्य संपवलंच नाहीस आणि त्याच वाक्याच्या पोटात प्रिंट घातलंस. पायथनला एका वेळी एकच वाक्य हवं होतं, त्याला दोन चिकटून मिळाली.

मी आधी उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, सीएनसी (प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनवर होतो, तिथलंच उदाहरण देतो. मशीन दोन प्रकारे चालवता येतं. अख्खा प्रोग्राम मेमरीत भरून सायकल स्टार्ट दाबायचं, हा एक. दुसरा एमडीआय मोड: एखादी ओळ हातानं टाकायची, ईओबी दाबायचं, म्हणजे ब्लॉक संपला हे मशीनला कळतं, मग सायकल स्टार्ट. ईओबी दिलं नाही तर ओळ कुठे संपली हे मशीननं ओळखायचं कसं? पायथनची फाइल म्हणजे मेमरीतला प्रोग्राम, आणि काळी खिडकी म्हणजे एमडीआय. तिथे ब्लॉक संपल्याची खूण म्हणजे रिकामी ओळ. तीन टिंबांवर काही न लिहिता एंटर.

ही खूण फाइलीत का लागत नाही, तेही समजून घे, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. फाइल वाचताना पुढची ओळ पायथनच्या समोर असते. ती डाव्या कडेला आली, म्हणजे लूप संपला, हे त्याला दिसतं. प्रॉम्प्टवर पुढची ओळ अजून तुझ्या डोक्यात असते. 'इफ'चा भाग लिहून झाल्यावर तू 'एल्स' लिहिणार आहेस की तुझं बोलणं संपलंय, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून तो थांबतो आणि तू स्पष्ट सांगावंस अशी अपेक्षा ठेवतो. एका ओळीत मावणारा लूप लिहिलास, कोलननंतर लगेच प्रिंट, तरीसुद्धा तीन टिंबं येतात आणि एक जादा एंटर द्यावा लागतो. मुलांना वाटतं प्रोग्राम अडकला. अडकलेला नसतो, वाट बघत असतो.

वरच्या तुकड्यात एरर आल्यावर 'एकूण' काय आहे ते विचारून बघ. शून्यच असेल. लूप अर्धा चालून मग मोडला असं झालेलं नसतं. ते अख्खं वाक्यच पायथननं टाकून दिलेलं असतं.

आता उलट बाजू, तुझ्या 'अनएक्स्पेक्टेड इंडेंट'ची. तुझ्या नोट्समधल्या फंक्शनमध्ये (डेफनं सुरू होणाऱ्या ब्लॉकमध्ये) वाचायला बरं पडावं म्हणून मधे एक ओळ मोकळी सोडलेली आहे. फाइलीत ती मोकळी ओळ कुणी विचारात घेत नाही. प्रॉम्प्टवर मात्र तीच पूर्णविराम ठरते: फंक्शन तिथेच संपलं. पुढची ओळ चार स्पेस सोडून आली की पायथन म्हणतो, नव्या वाक्याच्या सुरुवातीला ही मोकळी जागा कशाला? त्या एका ओळीपासून खाली सगळ्या ओळींवर एररची माळ लागते. आणि वाईट म्हणजे अर्धंमुर्धं फंक्शन तयार होऊन बसतं. नंतर ते वापरलंस तर चुकीचं उत्तर देतं आणि एरर दाखवतही नाही.

याच्या आत आणखी एक बारकावा आहे, तो पुस्तकांत सहसा सांगत नाहीत. जुन्या साध्या प्रॉम्प्टवर 'रिकामी' म्हणजे खरोखर रिकामी. तिच्यात चार स्पेस असतील किंवा नुसतं हॅशचं चिन्ह असेल, तर ती रिकामी धरली जात नाही आणि ब्लॉक संपत नाही. हे दोन्हीकडून उपयोगी आहे. एंटर दाबून दाबून टिंबं जात नसतील, तर ओळीत आधीच स्पेस पडलेत का बघ. आणि फंक्शनच्या मधे मोकळी ओळ हवीच असेल, तर तिथे नुसतं हॅश टाक.

'एल्स'चंही असंच. इफचा ब्लॉक झाल्यावर सवयीनं रिकामा एंटर दिलास की इफ संपला. मग एल्स एकटं पडतं आणि एरर येते. एल्स हे तीन टिंबांवरच, इफच्या सरळ रेषेत, कडेला लिहायचं. आयडल (पायथनबरोबर येणारी त्याची स्वतःची खिडकी) वापरत असशील तर एक अडचण जास्त. तिथे ३.१० च्या आधीच्या आवृत्त्यांत तीन टिंबं दिसतच नसत. इफ हे बाणांच्या पुढे दिसायचं आणि एल्स अगदी डाव्या कडेला, बाणांच्या खाली लिहावं लागायचं. डोळ्याला ते चुकीचं वाटतं, म्हणून मुलं एल्सला इफच्या खाली सरकवतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं. आयडलमध्येच एकापेक्षा जास्त वाक्यं एकदम पेस्ट केली की 'मल्टिपल स्टेटमेंट्स फाउंड' असं काहीतरी येतं. त्याचा अर्थ इतकाच की मी एका वेळी एक वाक्य घेतो, तू गठ्ठा दिलास.

पेस्ट करण्याबद्दल माझं मत ठाम आहे. पाच ओळींपर्यंत हातानं टंक, त्यापुढचं फाइलीत लिही. प्रॉम्प्ट ही विचारून बघायची जागा आहे, प्रोग्राम साठवायची नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ आवृत्तीपासून प्रॉम्प्ट बराच सुधारलाय. वरचा बाण दाबला की अख्खा ब्लॉक परत मिळतो आणि दुरुस्त करता येतो, आणि मोठा तुकडा चिकटवायचा असेल तर एफ३ दाबून पेस्ट मोड मिळतो. पण प्रॅक्टिकलला लॅबमध्ये कुठली आवृत्ती समोर येईल ते तुझ्या हातात नाही. ब्लॉकनंतर रिकामा एंटर ही सवय नव्या-जुन्या दोन्हीकडे चालते, तीच लावून घे. आणि नोट्समधून उतरवताना ते तीन बाण किंवा तीन टिंबं फाइलीत घेऊ नकोस. ती पायथनची बाजू आहे, तुझी नाही.

एक गोष्ट सिंटॅक्सची नाही, पण तुझ्या हिशेबाच्या मुळावर येईल. फाइल दर वेळी कोऱ्या पाटीवर सुरू होते. प्रॉम्प्टची पाटी पुसली जात नाही. तुझा लूप एकदा चालवलास की 'एकूण' १८.५ होतं. 'एकूण = 0' न लिहिता नुसता लूप परत चालवलास तर ते ३७ होतं, आणि ७७७ रुपयांचं बिल १५५४ होतं. कुठेही एरर नाही, सगळं हिरवंगार. डेअरीच्या हिशेबात असा आकडा घरच्यांसमोर ठेवायच्या आधी पाटी कोरी आहे का बघ. शंका आली तर प्रॉम्प्ट बंद करून नव्यानं उघड.

मग तू जे विचारलं नाहीस पण आज ना उद्या विचारशील: प्रॉम्प्टवर नुसतं 'एकूण' लिहिलं तरी उत्तर दिसतं, फाइलीत का दिसत नाही? प्रॉम्प्ट संवादाची जागा असल्यामुळे तो वाक्याची किंमत आपणहून बोलून दाखवतो. फाइलीत प्रिंट लिहिल्याशिवाय काही दिसणार नाही. बोलून दाखवण्याची पद्धतही वेगळी आहे. 'कुंदा' हा शब्द अवतरणात लिहून एंटर दिलास तर तो अवतरणचिन्हांसकट परत येतो, प्रिंट केलास तर चिन्हांशिवाय. पहिल्यात पायथन "माझ्याकडे अशी वस्तू आहे" असं सांगतो, दुसऱ्यात तुझ्या सांगण्यावरून मजकूर छापतो. लूपच्या आतसुद्धा हे बोलणं चालू राहतं. लूपमधून फाइलीत ओळी लिहायला लागलीस की पडद्यावर १२, ९, १४ असे आकडे उमटतात. कुठून आले म्हणून मुलं हैराण होतात. लिहिलेल्या अक्षरांची ती संख्या असते, दुसरं काही नाही.

शेवटचं उत्तर अधोरेखेच्या (_) एकट्या चिन्हात साठतं, कॅल्क्युलेटरवरच्या 'आन्सर'सारखं. बिलात पंधरा रुपये वाहतूक मिळवायची तर 'अधोरेखा अधिक 15' एवढंच टंकायचं. पण लूपमध्ये बदलत्या नावाच्या जागी हेच चिन्ह वापरलंस, तर ते लूपच्या शेवटच्या आकड्यावर अडकून बसतं आणि उत्तरं साठवणं बंद झाल्यासारखं वाटतं. 'डेल' लिहून ते चिन्ह पुसलं की गाडी परत रुळावर येते.

आता आकडे. इथे आपल्या भागातली माणसं हमखास फसतात, आणि फसल्याचं त्यांना कळतही नाही. संध्याकाळच्या वर्गात उद्यमबागेतला एक सेटर यायचा, हिशेबाला अगदी चोख. त्यानं ऑर्डरची रक्कम आपण कागदावर लिहितो तशी टाकली:

```
>>> ऑर्डर = 1,50,000
>>> ऑर्डर * 2
(1, 50, 0, 1, 50, 0)
```

तीन लाख यायला हवे होते. स्वल्पविराम म्हणजे पायथनला "वेगवेगळ्या वस्तू" वाटतात. त्यानं एक, पन्नास आणि शून्य अशा तीन वस्तू एका गाठोड्यात बांधल्या, आणि दोननं गुणल्यावर तेच गाठोडं दोनदा मांडलं. एरर नाही, म्हणून हे जास्त धोक्याचं. हीच रक्कम 2,05,000 असती तर मात्र एरर आली असती, कारण 05 मध्ये पुढे शून्य आहे. पुढे शून्य लावलेला आकडा (नुसती शून्यं सोडून) पायथन ३ घेत नाही. बेळगावचा एसटीडी कोड 0831 टाकून बघ, तोच निरोप येईल. पायथन २ मध्ये पुढचं शून्य म्हणजे आठाच्या पायाचा आकडा असायचा. कुणाचा चुकून तसा हिशेब होऊ नये म्हणून पायथन ३ नं ती वाटच बंद केली. फोन नंबर, पिनकोड, रोल नंबर हे आकडे नव्हेतच, मजकूर आहेत, ते अवतरणात ठेवावेत. आणि लाख-कोटी वाचायला सोपे जावेत म्हणून स्वल्पविरामाच्या जागी अधोरेखा चालते: 1_50_000. ही सोय २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून आहे, आणि ती तीन-तीन आकड्यांच्या गटांचा आग्रह धरत नाही. आपली लाखाची पद्धत तिला चालते.

देवनागरीचं आता सांगतो, कारण तू 'लिटर', 'एकूण' अशी नावं ठेवली आहेस आणि कुणीतरी तुला ती चालत नाहीत म्हणून सांगितलंय. चालतात. पायथन ३ मध्ये नावं देवनागरीत, कन्नडमध्ये, कशातही ठेवता येतात. काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरं सगळं चालतं. शिकताना खुशाल ठेव, अर्थ चटकन लक्षात राहतो. पुढे चार जणांबरोबर काम करशील तेव्हा इंग्रजी नावांकडे वळावं लागेल, पण त्याची आज घाई नाही. तीन ठिकाणी मात्र जपून राहा.

पहिलं, देवनागरी ४२ हा आकडा म्हणून टाकता येत नाही, 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर' येतं. गंमत अशी की तोच ४२ अवतरणात घालून इंटला (मजकुराचा आकडा करून देणाऱ्या फंक्शनला) दिलास तर तो बरोबर 42 करून देतो. कन्नड अंकही तसेच ओळखतो. म्हणजे वाचायला त्याला येतं, कोडमध्ये लिहिलेलं चालत नाही. दुसरं, नावाच्या शेवटी देवनागरी अंक चालतो, पण 'दर२' आणि 'दर2' ही त्याच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत. एकात किंमत भरून दुसरं विचारलंस तर 'नेम एरर'. तिसरं सगळ्यात छुपं. 'साऱ्या', 'दुसऱ्या' यांतला अर्धा ऱ काही कीबोर्डवर र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशा मार्गानं येतो. ते न दिसणारं चिन्ह नावात चालत नाही, आणि एरर यू+२००डी असा क्रमांक दाखवते. डोळ्यांनी कितीही शोधलंस तरी सापडणार नाही. खास ऱ चं अक्षर वापर, नाहीतर असं नाव टाळ.

न दिसणाऱ्या चिन्हांचा हाच त्रास पीडीएफ आणि वर्डमधून उतरवलेल्या कोडमध्ये होतो. तिथे सरळ अवतरणचिन्हं सुबक, वळणदार होऊन बसलेली असतात, वजाबाकीच्या जागी लांब डॅश आलेला असतो. छापायला छान, पायथनला परके. अशी एरर आली की ती ओळ पूर्ण पुसून स्वतः टंक. दुरुस्त करत बसण्यापेक्षा वेळ वाचतो.

टिंबं जातच नसतील तर? कुठेतरी कंस किंवा तिहेरी अवतरण उघडं राहिलंय. तीन अवतरणांचा मजकूर उघडा राहिला तर तू लिहिशील ते सगळं तो मुकाट्यानं पोटात घेत जाईल. कंट्रोल आणि सी दाब, 'कीबोर्ड इंटरप्ट' असं येऊन बाण परत मिळतील. आधी भरलेल्या किमती शाबूत राहतात, घाबरू नकोस. बाहेर पडायला 'एक्झिट' आणि पुढे उघडा-मिटलेला कंस. ३.१३ पासून कंस नसला तरी चालतो. विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटरनंही बाहेर पडता येतं.

शेवटी तू पाठवलेल्या दुसऱ्या स्क्रीनशॉटचं. त्यात तू तीन बाणांवर 'पायथन हिशेब.पीवाय' असं लिहिलंयस. ती आज्ञा पायथनची नाही, विंडोजची आहे, म्हणून ती बाहेर, कमांड प्रॉम्प्टवर द्यायची. तिथेच मधे '-आय' घालून दे: पायथन, मग -आय, मग फाइलीचं नाव. फाइल अख्खी चालते आणि संपल्यावर तीन बाण उघडे राहतात, सगळ्या किमती हाताशी. घरच्या हिशेबासाठी मी हेच करीन: कोड फाइलीत, आणि "समजा दर ४४ झाला तर?" हे विचारायला प्रॉम्प्ट.

आज रात्री मात्र एकदा हातानं असं टंक. चौथ्या ओळीनंतरची टिंबं तशीच मोकळी सोडून एंटर दे:

```
>>> लिटर = [6, 7.5, 5]
>>> एकूण = 0
>>> फॉर ली इन लिटर:
...     एकूण = एकूण + ली
...
>>> प्रिंट(एकूण * 42)
777.0
```